मांडीतली पट्टी

राजूर, गुरुवार, दिवेलागणीची वेळ

आज जालन्याला एक्स-रे दाखवून आलो. नडगीच्या हाडात पू झाल्ता, ते साफ करून डॉक्टरांनी तिथं कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे भरले होते, जंतू मारायचं औषध घातलेले. म्हणाले, "काका, बिलकुल छान. दाणे विरघळतील, तिथं तुमचंच हाड येईल. मागं काही राहणार नाही."

मागं काही राहणार न्हाई. घरी येऊन आधी ट्रंक उघडली. बायकोची राख सावडताना तिच्या मोडक्या मांडीत बसवलेली स्टीलची पट्टी निघाली होती. सगळे म्हणाले, नदीत सोडा. मी गुपचूप खिशात घातली.

माझ्या राखेत काय निघणार? मंग हीच पट्टी निघू दे. सांगायला घरात कोणी न्हाई, म्हणून इथं लिहून ठेवतो: मला नेताना ही खिशात ठेवा.