शुक्राला क्षय लागला, सबब लग्न तहकूब

मुक्काम बार्शीटाकळी, प्रांत वऱ्हाड
वैशाख वद्य पंचमी, शके १७८७, क्रोधन नाम संवत्सर (नाव अगदी जपून ठेवलेले दिसते)

राजमान्य राजश्री वामनराव दादा यांचे सेवेशी, अमरावती.

आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा नत्थुजी याचा शिरसाष्टांग नमस्कार. आपला गुडघा, वहिनींचा दमा आणि आपल्या तांबड्या बैलाचे शिंग या तिघांची तब्येत कशी आहे ते कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो, पण आमच्या मैनाचे लग्न झालेले नाही. आपण मामा म्हणून लग्नाला निघालात आणि मी माणूस पाठवून आपल्याला मूर्तिजापुराहून परत फिरवले, त्याचा राग आपल्या मनात असेलच. तो माझ्यावर धरू नये, शुक्रावर धरावा. थोडा स्वतःवरही धरावा, कारण अकोल्याच्या खुशालरावांचे स्थळ आपणच आणले होते. (मुलगा चांगला आहे, हे आपले म्हणणे मला आजही मान्य आहे. बाप कसा आहे हे आपण सांगितले नाही आणि मी विचारले नाही.)

सोयरीक ठरली तेव्हा खुशालराव तुमच्या-आमच्यासारखा घोंगडीवर बसणारा माणूस होता. पुढे अमेरिकेत लढाई जुंपून तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, इकडच्या कापसाचा भाव चढला आणि हा गृहस्थ त्याच्या पाठीवर बसून चढला. अमेरिकेत कोण कोणाशी भांडतो आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, पण ते भांडण असेच चालत राहावे म्हणून त्यांनी मारुतीला अभिषेक केला. बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरे आली. भिंतीवर घड्याळ आले. ते वाचता कोणालाच येत नाही, पण वाजले की घरातली सगळी माणसे हात जोडतात. शेवटी बदली झालेल्या कोणा साहेबाच्या लिलावातून एक पितळी दुर्बीण आली. यंदाचा कापूस मात्र त्यांनी विकला नाही. भाव अजून चढेल म्हणून माजघरात, ओसरीवर, देवघरातही कापूस. देव बिचारे एका कोनाड्यात सरकून बसले होते.

आता कापूस वाढला तशी सुनेची अपेक्षाही वाढली. आपल्याच अमरावतीच्या एका अडतदाराची मुलगी त्यांच्या कानावर आली होती, हे मला मागाहून कळले. पण दिलेला शब्द मोडायचा तर कारण लागते, आणि ते जमिनीवर सापडेना म्हणून त्यांनी आकाशात शोधले.

मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा होता. शुक्राचा अस्त असला की लग्ने होत नाहीत हे आपल्याला सांगायला नको, पण अस्ताला अवकाश होता, पंचांगाची काही हरकत नव्हती. आदल्या दिवशी घरी मैनाला हळद लागली आणि मी नवरदेवाला आणायला गाड्या घेऊन अकोल्याला गेलो. पाहतो तर खुशालरावांच्या माळवदावर ही गर्दी. दुर्बीण मावळतीकडे रोखलेली, शेजारी जोशीबुवा, शाळेचे मास्तर, आणि खुशालरावांचे शेजारी रुईवाले रऊफमियाँ. रऊफमियाँ बकरीदेचा चंद्र पाहायला आले होते. त्यांनी नळीला डोळा लावला, कोर पाहून दुवा मागितली, मग डोळा काढून वर पाहिले तर चंद्राची कोर भलतीकडेच. म्हणाले, "खुशालराव, ईद का चाँद तो वो ऊपर है. ये नीचे वाला किसका है?"

नीचे वाला शुक्र होता. मीही पाहिला. दादा, खोटे सांगत नाही, एरवी टपोरा दिसणारा शुक्र त्या नळीतून विळ्यासारखा दिसत होता, मधला सगळा गर कोणी खाऊन टाकावा तसा. जोशीबुवा प्रथम म्हणाले की काच फुटकी आहे. तेव्हा खुशालरावांनी त्यांना बाजूला नेले. बाजूला काय झाले ते मला दिसले नाही, पण बुवा परत आले ते नवे धोतर काखेत घेऊन, आणि शुक्राला क्षय लागला आहे असे सांगू लागले. मास्तरांनी समजावून पाहिले: शुक्राला स्वतःचा उजेड नाही. तो सूर्याच्या आतल्या अंगाने फिरतो, आणि आता आपल्या आणि सूर्याच्या मधे यायला निघाला आहे. त्याची उजळ बाजू सूर्याकडे, काळोखी पाठ आपल्याकडे, म्हणून कोर. आठवडाभर तो सूर्याच्या तेजात दिसणार नाही, मग पहाटे पूर्वेला उगवेल, धडधाकट. हे सगळे त्यांनी दिव्यासमोर लिंबू धरून दाखवले. पण मास्तरांना जेवायचे आमंत्रण नव्हते, त्यामुळे त्यांचे कोणी ऐकले नाही. लिंबू तेवढे आत वरणाला गेले.

खुशालराव मला म्हणाले, "नत्थुजी, शुक्रच असा झिजून राह्यला, तं मी सून कशी आनू? तुमच्याच पोरीच्या भल्याचं सांगून राह्यलो." हे सांगताना त्यांचा गळा भरून आला होता. (त्यांचा गळा चांगल्या जेवणानंतर नेहमीच भरून येतो.)

मी गाड्या रिकाम्या परत आणल्या. मैना मांडवात हळदीने पिवळी होऊन बसली होती. तिने गाड्या पाहिल्या आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेली. मला फार वाईट वाटले. इतके की मी दोन दिवस कोणाशी धड बोललो नाही, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांशी भांडलो.

मग शुक्र मावळला, आणि त्याच सुमारास मुंबईकडून बातमी आली की अमेरिकेतले भांडण मिटले. मारुतीने कोणाचे ऐकले कोण जाणे. भाव असा कोसळला की कापूस घ्यायला कोणी उभा राहीना. अडतदाराने आपल्या मुलीसाठी दुसरीकडे पाहिले. आणि परवा माझ्या दारात कोण? खुशालराव. पायी. म्हणाले, शुक्र उगवताच पहिल्या मुहूर्तावर उरकून टाकू. ते म्हणे हल्ली रोज पहाटे माळवदावर बसून पूर्वेकडे टक लावतात. शुक्राची एवढी वाट कोणा ऋषीनेही पाहिली नसेल. ज्या माणसाने आपल्या सोयीसाठी ग्रहाला आजारी पाडले, त्याच्या सोयीसाठी ग्रहाने लगेच बरे व्हावे? दादा, शास्त्र म्हणजे काय घरचा गडी आहे? असल्या ढोंगाचा मला मनापासून तिटकारा आहे. कळावे, लोभ आहेच, तो भावासारखा उतरू देऊ नये.

आपला,
नत्थुजी

ता. क. आपल्या ओळखीचे अमरावतीचे थोर जोशी आहेत, त्यांची एक व्यवस्था, म्हणजे शास्त्राचा निर्णय, लेखी मिळाली तर बरे होईल. शुक्र उगवल्यावरही काही दिवस तो बाळ असतो आणि बाळ शुक्रात लग्न करू नये, असे शास्त्र आहेच. ते बाळपण आषाढी एकादशीपर्यंत लांबवता येईल का, एवढेच विचारावे. पुढे चातुर्मास सांभाळून घेईल. (शुक्र सूर्याच्या मागून गेला असता तर दोन महिने दिसला नसता, आणि तेवढे आयतेच मिळाले असते. मेला नेमका पुढून गेला.) चांदूरला एक ठेकेदार आहेत, आगगाडीच्या रुळाला खडी पुरवतात, मुलगा उपवर आहे. कापूस पडतो, खडी पडत नाही. जोशांना धोतरजोडी माझ्याकडून.

दुसरा ता. क. वरचा मजकूर आपल्या बहिणीला कळू देऊ नये.

तिसरा ता. क. कळला. मी पत्र वाचून दाखवताना मधेच थांबलो, तेवढ्यावरून. आता गोदाबाई समोर बसली आहे आणि ती सांगते तसे लिहितो आहे:

"दादा, शुक्र उगवला. मैनानं सकाळी मले हात धरून अंगणात नेलं अन् दाखवला. मंग मी तिले इचारलं, बाई, तुह्या मनात काय हाये? ते म्हने, माय, मले शुक्राचं काही सांगू नोको, पन दुसऱ्या घरची हळद मी लावून घेनार नाही. तवा मी अकोल्याले गेली, पार्वताबाईले भेटली. दोघी विहिनींनं बसून येता सोमवार धरला. खुशालराव बाजूले बसून हो म्हनत होते. तुमी येजा. जोशाचा कागद आनू नोका, पोरीच्या मागं मामा लागते, कागद नाही."

सौ.ने सांगितले ते जसेच्या तसे उतरवले आहे. फक्त दोन ओळी गाळल्या. त्या माझ्याविषयी होत्या, आणि त्या ती आपल्याला मांडवातच सगळ्यांसमोर सांगणार आहे.