दुकानाचा वास

प्रिय सूनबाई,

हे पत्र लिहायला बसलो की उठावंसं वाटतं आणि उठलो की पुन्हा बसावंसं. सकाळपासून हेच चाललंय. मधेच जाऊन खुर्चीच्या पाठीवर लावलेलं तेल वाळलं का बघतो, शटर अर्धं खाली ओढतो, परत वर करतो. शेवटी शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवलं आणि म्हणाला, "आप्पा, एक तर आत बसा, नाहीतर बाहेर जा. तुमच्याकडे बघून माझी शिलाई वाकडी पडायला लागलीय." मी म्हटलं, तुझी शिलाई मी जन्माला यायच्या आधीपासून वाकडी आहे. हसला बिचारा, आणि चहा पाठवला. तो अजून तसाच आहे, वर साय धरलीय. फोनवर हे सगळं बोलता आलं असतं, पण फोनवर मला धड सुचत नाही. तू "बरं आहे ना" म्हणतेस, मी "बरं आहे" म्हणतो, आणि दोघंही चिमणीच्या अभ्यासावर घसरतो. शाळा लहानपणीच सुटली माझी, पण पॉलिश करताना खाली अंथरायच्या रद्दीतले पेपर वाचून वाचून जे काही अक्षर कमावलंय, ते तरी कामी येऊ दे.

तर आधी बातमी. चिरंजीव पुढच्या सोमवारी व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर येतायत. डॉक्टर आणि केंद्र चालवणाऱ्या बाई, दोघांनी होकार दिला. आनंदाची बातमी आहे, पण ती ऐकल्यापासून मला धास्ती आहे. तिथे चार भिंती होत्या, माणसं होती, वेळेवर जेवण होतं. इथे मी आहे आणि हे दुकान. परत त्याच खड्ड्यात पाय पडू नये, एवढी एकच गोष्ट डोक्यात फिरते. जेवताना फिरते, काम करताना फिरते.

तुला आठवतं, लग्न होऊन तू नवी नवी आलीस तेव्हा संध्याकाळी आम्ही बापलेक दुकानातून घरी शिरलो की पदर नाकाला लावायचीस? तुझ्या सासूबाई सांगायच्या, अगं, लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात, दिवसभर तेच लाकडावर घासतात, वास यायचाच, महिन्याभरात तुलाही कळेनासा होईल. आणि झालंही तसंच. पुढे घरमालकीण एकदा जिन्यात कुजबुजली, "तुमचे हे घेतात वाटतं," तेव्हा तूच तिला झापलं होतंस, की तो धंद्याचा वास आहे, तुमच्या दिवाणाला चकाकी कुठून आली असं वाटतं तुम्हाला? मी जिन्याखाली उभा राहून ऐकत होतो, छाती फुगली होती माझी. आपण सगळेच त्या वासाच्या भरवशावर राहिलो. दुसऱ्या कुठल्या घरात पहिल्या आठवड्यात कळलं असतं ते आपल्याला कितीतरी वर्षं कळलं नाही, कारण आपल्या घरातला पुरुष तसाच वास घेऊन यायचा, प्यायलेला असो की नसो. त्यालाही ते बरंच झालं. पुढे तुलाच पहिल्यांदा उमगलं. मला एकदा कपडे धुताना म्हणालीस, "आप्पा, कामाचा वास शर्टाला असतो. ह्यांच्या श्वासाला येतो." ते वाक्य मी अजून विसरलो नाही.

मग तो शाळेचा दिवस. तो पिऊन चिमणीला आणायला गेलाच नाही, आणि ती वॉचमनच्या स्टुलावर बसून राहिली, दिवे लागले तरी. तू तिला आणलंस, रात्री बॅग भरलीस, सकाळी माझ्या पाया पडताना म्हणालीस, "आप्पा, मी रागावून जात नाहीये, थकून जातेय." रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते, थकलेल्याला विश्रांतीच द्यावी लागते. तू बहिणीकडे गेलीस ते चांगलं केलंस. हे तेव्हा तोंडातून निघालं नाही, आता लिहितो.

तू गेल्यावर काही दिवस तो दुकानात येत राहिला. मग एका दुपारी काम करता करता हातातला पॉलिशचा बोळा खाली ठेवला आणि म्हणाला, "मला कुठेतरी नेऊन ठेवा." असं म्हणाला जसं एखादं जुनं टेबल अडगळीत ठेवा म्हणावं. मी लगेच निघालो. पण कुठे नेऊन ठेवायचं हे कोणाला ठाऊक होतं? ज्याला विचारावं त्याच्याकडे एक पत्ता आणि दोन सल्ले. एक जण म्हणाला पुडी मिळते, चहात घाला, त्याला कळणारही नाही. मी म्हटलं, बाबा, न कळता प्यायला लागला, आता न कळता सोडायला लावू?

पहिल्यांदा गेलो ते केंद्र म्हणजे थाटच. दारात कारंजं, आत गार हवा, सोफ्याला नकली कातडं. तिथल्या मुलीने माझ्यापुढे रंगीत कागद ठेवला; साधी खोली, स्पेशल खोली, डिलक्स खोली. शंभर टक्के गॅरंटी म्हणाली. एवढी गॅरंटी तर फ्रिजवरही मिळत नाही. विचारलं, डॉक्टर रोज असतात का? तर म्हणे "ऑन कॉल" असतात, आणि बुकिंगची रक्कम आज भरलीत तर सूट आहे. मी सोफ्याची शिवण उसवलेली दाखवली आणि उठलो.

दुसरं गावाबाहेर होतं. स्वस्त. मॅनेजर माणूस गोड बोलायचा. म्हणाला, "तुम्ही फक्त पत्ता द्या काका, आमची पोरं गाडी घेऊन येतात, उचलून नेतात, त्याला आधी काही सांगायचंसुद्धा नाही." मी म्हटलं तो स्वतः यायला तयार आहे. तर हिरमुसलाच जरा. आत बघू म्हटलं तर नको म्हणाला, पेशंट बिथरतात. जाताना वरच्या मजल्यावरच्या जाळीतून एक हात बाहेर आलेला दिसला. हलवत नव्हता, नुसता बाहेर धरला होता, हवेला. बसमध्ये मला बसवेना, सगळा रस्ता उभा राहून आलो.

असं दारोदार हिंडता हिंडता सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सने मार्गावर आणलं. पहिल्यांदा ओरडलीच माझ्यावर. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं की त्याची आजपासून पूर्ण बंद केलीय. म्हणाली, "रोज एवढी पिणाऱ्या माणसाची घरच्या घरी एकदम बंद करतात का? झटके येतात, जीव जातो. आधी इथे आणा." आणलं. पलंग मिळेपर्यंत व्हरांड्यात बसलो. ते दिवस तुला सांगत नाही. हात इतके थरथरायचे की पेला मी धरायचो. ज्या हाताने तो कपाटाच्या दारावर पॉलिशचा आरसा उभा करायचा तो हात. पण तिथून बाहेर पडला तेव्हा डोळे स्वच्छ होते, आणि त्याच नर्सने ह्या केंद्राचं नाव दिलं. साधं बैठं घर आहे. कारंजं नाही. तिथल्या बाईंनी गॅरंटी दिली नाही, उलट म्हणाल्या, पुन्हा पाय घसरू शकतो, तेव्हा घाबरून न जाता पुन्हा यायचं. डॉक्टर कधी येतात ते भिंतीवर लिहिलेलं होतं आणि ते त्या वेळेला आलेही. मला आत सगळीकडे फिरवलं, स्वयंपाकघरसुद्धा. पैसे तीन हप्त्यांत चालतील म्हणाल्या. मी तिथेच ठरवलं.

पैशाचं तू विचारशील म्हणून सांगतो. एका हॉटेलच्या खुर्च्यांचं मोठं काम नेमकं तेव्हाच आलं होतं. जुन्या पद्धतीचं लाखेचं पॉलिश, आरशासारखं. आगाऊ रक्कम मिळाली ती तशीच नेऊन केंद्रात भरली. आणि तू जाताना कपाटात ठेवलेल्या बांगड्यांना मी हात लावलेला नाही. चिठ्ठीत "ह्यांच्या औषधासाठी" लिहिलंस, ते वाचलं, आणि बांगड्या चिमणीच्या नावाने बाजूला ठेवल्या. रागावायचं असेल तर रागाव.

सुरुवातीला भेटायला गेलो की तो तोंड फिरवून बसायचा. एकदा तर म्हणाला, "मला इथे टाकून हॉटेलचं काम करताय मजेत." मी घरी येऊन भांडी आपटली. पण पुढच्या खेपेला गेलो तेव्हा अंगणात होता, तिथला मोडका बाक दुरुस्त करत. माझ्याकडे न बघताच विचारलं, "आप्पा, दुकानात स्पिरिट आहे अजून?" मी म्हटलं, म्हणजे काय, असणारच, खुर्च्या चालू आहेत ना. तो बराच वेळ पॉलिशपेपर घासत राहिला. मग म्हणाला, "मला घरी यायची भीती वाटत नाही. दुकानात यायची वाटते. सकाळी शटर वर केलं की तो वास अंगावर यायचा ना, तिथेच माझा पहिला घोट व्हायचा. बाटली नंतर." सूनबाई, उभा जन्म ज्या वासात घालवला, ज्या वासाने तुम्हा सगळ्यांना जेवू घातलं, त्याच्याबद्दल पोरगा असं बोलला. खरं सांगतो, वाईट वाटलं. मग बसमध्ये वाटलं, अरे, आपल्याला वाईट वाटतंय ते लाखेचं की लेकाचं?

दुसऱ्या दिवशी उरलेल्या खुर्च्या टेम्पोत घातल्या, हॉटेलच्या मागच्या शेडमध्ये नेल्या आणि तिथेच पुऱ्या केल्या. हवा दमट, पॉलिश पांढरं पडायचं, पुन्हा घासायचं, पुन्हा लावायचं. नाकी नऊ आले. पण झाल्या. मॅनेजर एवढा खूश झाला की सगळ्या टेबलांचं काम देतो म्हणाला. त्यात केंद्राचे उरलेले दोन्ही हप्ते फिटले असते आणि वर शिल्लक राहिली असती. पण तो वास मला अंगावरूनसुद्धा घरी न्यायचा नव्हता. मी म्हटलं, देतो करून, पण तेल आणि मेण लावून. म्हणाला, "काका, मला चकाकी पाहिजे, तुम्ही मला सालस टेबलं देताय." आवडला मला त्याचा शब्द. नमस्कार केला आणि आलो. मग दुकानाचा पुढचा अर्धा भाग एका चष्मेवाल्याला भाड्याने दिला. त्याच्या अनामतीतून हप्ते भरले. आता माझ्या दुकानात शिरायला त्याच्या आरशांमधून वाट काढावी लागते; दिवसभर स्वतःचंच तोंड बघतो. आज त्याची सुट्टी, म्हणून शटरशी खेळत बसलोय.

आणि मागच्या अर्ध्यात मी पुन्हा शिकाऊ उमेदवारी करतोय. जवसाचं तेल, मेण, मऊ फडकं. लाख कशी, बोळा फिरवला की लगेच हसते. तेल लवकर बोलतच नाही. दोन दिवस थांबा, मग बघा. मला थांबायची सवय कुठे आहे! पण बाई म्हणाल्या त्यालाही आता हेच शिकायचंय. तेलाची फडकी गोळा करून टाकली तर आपोआप पेट घेतात, म्हणून ती मागच्या दोरीवर वाळत घालतो. शिंपी विचारतो, आप्पा, कोणाची लंगोटं?

स्पिरिटचे डबे, लाखेचा माठ, बोळे, जुनी कापडं, सगळं काढून दिलं. फळ्यांवर सांडून सांडून मुरलेलं होतं, त्या फळ्या घासल्या, साबणाने धुतल्या, काही उपटून नव्या बसवल्या. भिंतींना चुना दिला. दोन्ही खिडक्या दिवसभर उघड्या असतात. आणि तरी सकाळी शटर वर करतो, डोळे मिटतो, श्वास घेतो, आणि मला काही म्हणजे काहीच कळत नाही. माझं नाक कधीच गेलंय, पोरी. इतकी वर्षं तेच हुंगून मेलं ते. वास गेलाय की फक्त मला येत नाही, हेच मला समजत नाही. शिंप्याला विचारलं, तो म्हणतो अजिबात नाही. पण भिंतीपलीकडे तोही तेच हुंगत आलाय, त्याने सगळी वर्षं हेच सांगितलं असतं. चष्मेवाला म्हणतो छान वास येतो, पण कसला ते त्याला सांगता येत नाही. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, तुमच्या दुकानाचा जुना वास मला कुठे माहीत आहे?

तो माहीत असलेलं नाक एकच आहे, आणि ते तुझं, बहिणीकडे राहून आता पुन्हा ताजं झालेलं. म्हणून हे पत्र. घरी परत ये, असं मी म्हणत नाही, त्याला भेट असंही नाही. ते तुझं तू ठरवशील, आणि कधीच नाही ठरवलंस तरी तू माझी सूनच. फक्त सोमवारच्या आधी एक सकाळ काढ, चष्मेवाला यायच्या आत. किल्ली शिंप्याकडे ठेवतो. मी तिथे नसेन, समोरच्या बागेच्या बाकावर बसेन. मी समोर असलो तर तू माझा मान ठेवून खोटं बोलशील अशी भीती वाटते. शटर एकटीने वर कर, आत जाऊन उभी राहा, आणि चिरंजीवांच्या वतीने एक श्वास घे. वास गेला असेल तर बागेकडच्या खिडकीत उभी राहून हात हलव. राहिला असेल तर हात हलवू नकोस, नुसतं शटर ओढून निघून जा. मला समजेल. मी पुन्हा फळ्या उपटायला घेईन. सोमवारपर्यंत वेळ आहे.

तुझाच,
नाक गेलेला
आप्पा