पुसट आलेले लग्नाचे फोटो

अण्णा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, आता भांडायला समोर कोणी नाही. तरी लिहिते. मावशीच्या पोरीच्या लग्नाचा सगळा रोल पुसट आला, तो आपल्या जवळा बाजार गावचा आठवडी बाजाराचा दिवस. लग्नात फोटो तुम्हीच काढले होते, मी मधूनमधून कॅमेरा नुसता हाती धरला होता. स्टुडिओत पाय ठेवायला जागा नाही, नवरदेवाकडचे पाहुणे फोटो काउंटरवर आपटून राहिलेत, आणि तुम्ही मान वर न करता माझ्याकडे बोट दाखवता. "हिनं लेन्स पाडली. पोरीच्या हाती कॅमेरा काहून देला म्या, तेच कळंना." मी म्हणते, "अण्णा, म्या पाडली न्हाई." तुम्ही म्हणता, "घरी जाय." स्टुडिओ पुढे हीच चालवणार, असं गिऱ्हाइकांना सांगणारे तुम्हीच होतात. त्या दिवसापासून कॅमेरा भावाकडे गेला, ज्याला त्यात काडीचा रस नव्हता. लेन्सही तुम्ही लगेच परभणीला नेऊन बदलून आणलीत, म्हणून माझ्याजवळ पुरावा म्हणून दाखवायला काही उरलं नाही.

आता मी हिंगोलीत कॉलेजात इमेज प्रोसेसिंग शिकवते. परवा कन्व्होल्यूशन होतं. पोरं गणित बघूनच घाबरतात, म्हणून मावसबहिणीकडून आणलेला तिच्या त्या लग्नातलाच एक फोटो पडद्यावर लावला. म्हटलं, लेन्स समोरचा उजेडाचा प्रत्येक बिंदू थोडा पसरवून उमटवते. त्या पसरलेल्या डागाला शिक्का समजा. दृश्यातल्या प्रत्येक बिंदूवर तोच शिक्का मारायचा, जिथे उजेड जास्त तिथे ठळक, कमी तिथे फिका, आणि एकमेकांवर चढलेल्या सगळ्या शिक्क्यांची बेरीज करायची. झाला फोटो. हेच कन्व्होल्यूशन. शिक्का बारीक तर फोटो स्वच्छ, मोठा तर पुसट. शिक्क्याचा आकार बघायचा तर एखादी एकटी चमक शोधायची. मी नवरीच्या नथीतला खडा मोठा करून दाखवला. हात हलला असता तर तिथे रेघ उमटली असती. पडून लेन्स तिरकी झाली असती तर डाग एका बाजूला ओढला गेला असता. तो सगळीकडून सारखा, गोल होता. बांगडीवरच्या चमकीचाही तसाच. लेन्स धड होती, अण्णा. फोकस चुकला होता.

तुमच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता. आई म्हणायची, "डोळे दाखवून या एकदाचे," आणि तुम्ही तिच्यावर खेकसायचात. फोटोग्राफरला दिसत नाही हे गावाला कळू द्यायचं नव्हतं. पुढे ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तुम्ही कपाटातून तेच फोटो काढून खिडकीशी धरलेत. मी दारात उभी होते. तुम्ही बराच वेळ पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत, आणि म्हणालात, "च्या ठेव." तुम्हाला कळलं होतं. एवढी वर्षं फोटो काढलेल्या माणसाला न कळायला काय झालं? मी चहा ठेवला. त्यानंतरही तुम्ही पुष्कळ जगलात, पण तो विषय तुमच्या तोंडून कधी निघाला नाही.

परवा वर्गात एका पोरीनं विचारलं, "मॅडम, मग चूक कोणाची?" सगळी माझ्याकडे बघत होती. सांगायला एक शब्द पुरे होता. मी म्हणाले, "मांडवात उजेड कमी होता."

हा कागद पोस्टात टाकायचा नाहीच. तुम्ही भर बाजारात माझ्याकडे बोट दाखवलंत, आणि मला तुम्हाला न ओळखणाऱ्या पोरांपुढेही तुमच्याकडे दाखवता आलं नाही. त्याला माया म्हणायचं की तुमचा धाक, मला अजून ठरवता आलेलं नाही.