सोडलेलं गोड

२२ डिसेंबर १९४५

थोरले भावजी आले! इस्लामपूरला मोटारीतून उतरले आणि चालतच निघाले. वेशीत कुणी ओळखलंसुद्धा नाही. अंगावर मांस म्हणून उरलेलं नाही. त्यांची मनू तर बापाला बघून माझ्या पाठीमागे दडली आणि विचारते कशी — "काकी, ह्ये पावनं किती दिस ऱ्हानार?" बनुताई, माझ्या थोरल्या जाऊबाई, चुलीपुढं बसल्या त्या उठेचनात. रडत होत्या की हसत होत्या कोण जाणे. म्हणे धूर झालाय.

आत्याबाईंनी लेकावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मामंजींनी गुळाची ढेप फोडून गावात वाटली. आत्याबाईंनी मात्र खडाही तोंडात घातला नाही. भावजी म्हणाले, "आई, मी आलो की आता!" तर म्हणाल्या, "तू आलास. लाला यायचा हाय."

बेचाळीस साली दोघे भाऊ एकापाठोपाठ बेपत्ता झाले. भावजी आफ्रिकेत, आमचे हे मलायात. दुसरी तार आली त्याच दिवशी आत्याबाईंनी गोड सोडलं. दोन्ही लेकरं दारात उभी राहीपर्यंत गूळ नाही, साखर नाही, पुरणाचा घास नाही. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ, थंडीत सगळं घर गुळाच्या वासानं भरलेलं, आणि ही बाई बिनगुळाचा चहा पिते! पुढं भावजी जर्मनांच्या कैदेत आहेत असं कळलं. ह्यांचं काहीच कळलं नाही.

२४ डिसेंबर

भावजींच्या सामानात एक करंडी आहे. पुण्याच्या मिलिटरी इस्पितळातून सुटल्यावर मंडईत घेतली म्हणे. वरचा पेंढा काढला तर आत सफरचंदं! मी हे फळ माहेरी वाईला एकदाच पाहिलं होतं, मामलेदारीणबाई आजारी होत्या तेव्हा त्यांच्या उशाशी. मामंजीही डोकावून म्हणाले, "कोन आजारी हाय?"

रात्रीची जेवणं झाल्यावर भावजी पहिल्यांदाच मोकळे बोलले. कैदेतून सुटल्यावर त्यांना काही दिवस विलायतेत ठेवलं होतं. तिथल्या एका गावात जत्रा होती. पाळणे, बाजा, सगळं आपल्यासारखंच, फक्त देव नाही. एक म्हातारी काडीला खोचलेली सफरचंदं विकत होती, वरून साखरेचा तांबडा पाक, काचेसारखा कडक. तिनं भावजींकडं नुसतं पाहिलं आणि एक हातात दिलं. पैसे घेईना. "तवाच ठरीवलं. घरी ग्येलो की असलंच करून आईला घालायचं."

आत्याबाई वाती वळत होत्या. म्हणाल्या, "कर की. पोरं खातील."

२५ डिसेंबर

भावजी उशाखाली भाकरीचा तुकडा ठेवून झोपतात. बनुताईंनी आज आपणहून दोन ठेवले.

२८ डिसेंबर

करंडीतली काही पेंढ्यातच नासली. उरली पाच. ती वाया जायला नकोत म्हणून आधी कांद्यावर सराव! कांदाही गोल आणि घरात पोतंभर.

पुरुषमाणूस चुलीपुढं! शेजारच्या दोघीजणी विस्तव मागायच्या निमित्तानं बघून गेल्या. मी थोरल्या दिरांशी समोरून बोलायचं नाही, म्हणून मधे मनू. "मने, सांग, पाक पुढं चाललाय." "मने, काकीला म्हनावं जाळ काढ." दोघं हातभर अंतरावर, आणि मधे हे सहा वर्षांचं पोस्ट ऑफिस. त्यात पदरचंही घालतं — "पावनं, काकी म्हनती तुमाला कायबी येत न्हाई." मी असं म्हटलं नव्हतं! मनात आलं होतं, ते वेगळं.

पाक गुळाचा केला. फेस इतका आला की अर्धा चुलीत. उरलेल्यात कांदे बुडवले आणि तेल लावलेल्या परातीत उभे केले. दिसायला झकास! तेवढ्यात मामंजी मळ्यातून आले. चकाकतंय काहीतरी बघून एक उचललं आणि कचकन चावा घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग म्हणतात, "विलायतंची मानसं ह्ये खात्यात? तरीच राज्य करत्यात!"

आत्याबाई तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. किती दिवसांनी हसल्या. मला त्या अशा हसलेल्या फार आवडतात. माझ्या आईपेक्षाही आवडतात असं लिहिलं तर पाप लागेल का? लागू दे.

१ जानेवारी १९४६

आज भावजी बनुताईंना सांगत होते — संक्रांतीला आईचं तोंड गोड करायचंच. सणाला ती न्हाई म्हनायची न्हाई. बनुताईंनी मला येऊन सांगितलं आणि वर म्हणाल्या, "विजया, पाक तुलाच जमंल. तूच कर गं."

मी हो म्हटलं. पण इथं खरं लिहिते. आत्याबाईंनी खाऊ नये असं मला वाटतं.

त्यांनी गोड खाल्लं म्हणजे ह्यांची वाट बघणं संपलं. लढाई थांबून कितीतरी महिने झाले. गावात बायका माझ्या कपाळाकडं बघून बोलायचं थांबतात. विहिरीवर एकजण म्हणालीसुद्धा, "आता कसली वाट बघायची?" आत्याबाईंनी घागर खाली ठेवली आणि तिला म्हणाल्या, "मी गूळ खाल्लेला बघितलास व्हय? मग?" ती गप. सगळा गाव त्यावर गप आहे. राहीबाईनं, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, अजून गोड सोडलेलं आहे, म्हणजे लालासाहेब आहे. म्हणजे माझं कुंकू आहे.

आमचा संसार एका रजेपुरता. मला 'वाईकर' म्हणून हाक मारायचे. चारचौघांत, मोठ्यांदा! मी लाजून अर्धी व्हायची. आता चेहरा आठवायला गेलं की फोटोतलाच आठवतो. हाक मात्र जशीच्या तशी ऐकू येते.

४ जानेवारी

गुळाचा नाद सोडून साखरेचा पाक. रेशनची साखर, दोन आठवडे साठवलेली. खरं तर असल्या पाकात लिंबाचे चार थेंब लागतात, नाहीतर साखर परत बसते. माझ्या आईनं शिकवलेलं. लिंबू माझ्या हाताशी होतं. मी पिळलं नाही.

एक सफरचंद बुडवलं. बघता बघता पाक पांढरा पडला आणि भिंतीच्या पोपड्यासारखा सुटून आला. भावजी बराच वेळ त्याकडं बघत बसले. मग मनूला म्हणाले, "काकीला म्हनावं, तुजी चूक न्हाई. रेशनची साखर, तिच्यात दमच न्हाई."

मनूनं निरोप सांगितला. मला जेवण गेलं नाही.

५ जानेवारी

त्या माणसानं उपाशीपोटी आईसाठी बेत केला आणि मी तो नासवला. छे! आता नीट करायचं. खायचं की नाही ते आत्याबाई ठरवतील.

१३ जानेवारी, भोगी

जमलं!!

सफरचंदं गरम पाण्यात धुऊन कोरडी पुसली. ओलं राहिलं तर पाक धरत नाही. बांबूच्या चिपा खोचल्या. साखर, पाणी, लिंबू, आणि इस्लामपूरच्या हलवायाकडून आणलेला जिलेबीचा रंग. थेंब गार पाण्यात टाकला, गोळी ताटलीवर टाकली — टण्! भावजी एकदम ओरडले, "आता! आता!" मला म्हणाले की मनूला ते कुणालाच कळलं नाही. चारही फळं बुडवून गर्रकन फिरवली आणि परातीत ठेवली. लाल, गुळगुळीत, आपलं तोंड दिसावं अशी.

मनूनं आज बापाला "आबा" म्हटलं. अर्थात लबाडीनं, एक आत्ताच मिळावं म्हणून. मिळालं. भावजी खांबाला टेकून तिच्याकडं बघत होते. कटाकट चावून खात होती, हनुवटीपर्यंत लाल. बनुताईंना पुन्हा धुराचा त्रास झाला.

आता तीन उरली. बनुताईंनी माझ्या हातात नव्या बांगड्या भरवल्या. हिरव्या.

१४ जानेवारी, संक्रांत

दुपारी देवाला तिळगूळ ठेवला आणि भावजींनी एक सफरचंद आईपुढं धरलं. आम्ही सगळे उभे. आत्याबाई म्हणाल्या, "लय देखणं झालंय. सून सुगरण हाय माझी." आणि हात मागंच.

"आई, येक घास."

"न्हाई रं बाबा."

"मी पायाला हात लावतो."

"सयाजी, लाला येऊ दे. दोघांच्या हातनं खाईन."

मग भावजींचं काय झालं कळलं नाही. काडी तशीच पुढं धरून ते ओरडले, "कुठनं यील? लाला गेला, आई! न्हाई यायचा तो!"

"गप!" आत्याबाई म्हणाल्या. इतक्या जोरात बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

भावजी परसात निघून गेले. मामंजी भिंतीला धरून खाली बसले. माझ्या हातात परात होती, ती मी नीट धरून ठेवली होती, एवढंच आठवतं. एकच वाटत होतं, की आत्याबाईंना आता कोण सांभाळणार? इतकी वर्षं धरलेली आशा अशी सणाच्या दिवशी!

पण त्याच उठल्या. म्हणाल्या, "विजया, दिवा लाव. हळदीकुंकवाला बायका येतील." मला पाटावर बसवलं. माझं कुंकू जरा फिकट झालं होतं, ते स्वतःच्या बोटानं पुन्हा लावलं, चांगलं ठसठशीत. हात अगदी स्थिर. बायका आल्या, वाण लुटलं, हसल्या. त्यांना काही कळलं नाही. मी "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणत होते.

१५ जानेवारी

भावजी आज माझ्याशी समोरून बोलले. उंबऱ्यावर बसले, मान खाली. मनूला बाहेर पाठवलं होतं.

पुण्याच्या इस्पितळात कवठे महांकाळचा एक अर्जुना म्हणून होता, ह्यांच्याच तुकडीतला. मलायात कैदेत दोघे एकत्र होते. ह्यांना ताप आला. औषध नव्हतं. त्रेचाळीसच्या पावसात गेले. अर्जुनानं आणि आणखी दोघांनी अग्नी दिला.

"त्रास लय झाला न्हाई, असं म्हनाला." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमची याद काढायचा. वाईकर, वाईकर म्हनून."

मी विचारलं, "घरात कुणाकुणाला सांगितलंत?" ते तसेच उठून गेले.

१६ जानेवारी

बांगड्या अजून हातात आहेत. आत्याबाई म्हणतात, कुणी काही बोलायचं नाही.

१७ जानेवारी

काल रात्रभर आत्याबाईंचीच काळजी. वाटलं, नवस असा मोडला, आता निदान तोंड तरी गोड व्हावं त्यांचं. म्हणून आज सफरचंद घेऊन देवघरात गेले. म्हटलं, "आत्याबाई, आता खा. आता कुणासाठी सोडायचं?"

त्या म्हणाल्या, "सयाजीनं आला त्या सांजंलाच मला सांगितलंय लालाचं. मीच म्हनलं, तोंड उघडू नगंस."

"मग इतके दिवस —"

"मी गूळ खाल्ला असता तर गावाला कळलं असतं. आन् गावाला कळल्यावर तुज्या बांगड्या ठिवल्या असत्या व्हय कुनी? येकवीस वर्साची पोर तू. माजं काय, म्हातारीचं गोड ग्येलं तर ग्येलं. जित्ती हाय तवर न्हाई खायाची."

 मग मी उठले आणि देवघराचं दार आतून लावून घेतलं. कडीसुद्धा घातली. काडी त्यांच्या तोंडापुढं धरली.

आत्याबाई दाराकडं बघत राहिल्या. माझ्याकडं बघत राहिल्या. मग खाल्लं. एक घास त्यांनी, एक मी, असं सगळं संपवलं. खाताना दोघी रडत होतो आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून एकमेकींच्या तोंडावर हात धरत होतो. शेवटी पदरानं त्यांनी स्वतःचं तोंड पुसलं, माझं पुसलं, कपाळाला धक्का लागू न देता. आणि कडी काढून बाहेर जाऊन बनुताईंना म्हणाल्या, "माजा च्या बिनगुळाचाच ठेव गं."