पाववाल्या पिनॉकचा चेहरा

मी, जॉब थ्रेडगोल्ड, वय वर्षे सत्तावन्न, धंदा छापायची चित्रे लाकडी ठोकळ्यांवर कोरण्याचा, राहणार कॉपिस गल्ली, क्लार्कनवेल, लंडन. माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. गेले अकरा दिवस मी सुन्न आहे, तरी खाली लिहितो ते समजून-उमजून लिहितो. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझी कोरायची हत्यारे आणि भिंग धंद्यातला सोबती अमोस लिडिएट याला. त्यातली निम्मी तो सहा वर्षांपूर्वीच उसनी घेऊन गेला आहे. ती परत आणायचा त्रास त्याने घेऊ नये.

२. ‘थडग्यातला सरदार’ ही रक्तपिशाचाची गोष्ट दर शनिवारी एका पेनीला विकली जाते. तिच्यातल्या पिशाचाच्या चेहऱ्याचा ठोकळा मी छापखान्यातून चोरून आणला आहे. तो रंधा मारून सपाट करावा. मालक म्हणाले होते, “असं थोबाड काढ, की बायका किंचाळल्या पाहिजेत!” मी काढले. ते आमच्या गल्लीतल्या इझ्रा पिनॉकचे होते.

इझ्रा पाववाला. रात्रभर भट्टीपुढे, दिवसा झोपलेला, अंगाने उंच, रंगाने पिठासारखा, डाव्या गालावर भाजल्याचा डाग. अंक निघाला आणि लोकांनी त्याच्या पावाला हात लावणे सोडले. मी सगळ्यांना सांगितले, “अहो, ओळख पटू नये म्हणून मी डाग उजव्या गालावर कोरला होता. छापताना उजव्याचं डावं होतं, ते विसरलो!”

हे खोटे आहे. एकोणतीस वर्षे उलटे कोरणारा हात असे विसरत नाही. एकदा भर दुकानात इझ्रा मला म्हणाला होता, “जॉब, तुझ्या चित्रांतली माणसं माझ्या कालच्या पावासारखी. वरून फुगलेली, आतून शिळी!” सगळी गल्ली हसली. एवढ्याशा गोष्टीचा मी सूड उगवला.

जानेवारीत त्याला ताप भरला. तीन दिवस भट्टी पेटली नाही आणि आम्ही कोणी दार वाजवले नाही. मीही नाही. त्याची मुलगी केझाया हॅम्पस्टेडला घरकामाला असते. ती रविवारी आली, तेव्हा तो पिठाच्या पोत्यांवर मरून पडला होता. भिंतीवर माझाच अंक खिळ्याने ठोकलेला. ती मला म्हणाली, “बाबा सगळ्यांना दाखवायचे, काका. म्हणायचे, जॉबला शेवटी माणूस काढता आला.” देवा रे! ज्याला मी आयुष्यातून उठवले, तो माझे कौतुक करत होता.

३. शेजारीण मिसेस बॉटरिल, इझ्रा पिशाच होऊन उठू नये म्हणून, प्रेताच्या छातीत ठोकायला कुंपणाचा खुंटा घेऊन आली होती. तिला माझी खुर्ची. पुढच्या वेळी तिने आधी जरा बसून विचार करावा.

४. राहत्या घराचा भाडेपट्टा, सामान आणि शिल्लक केझाया पिनॉक हिला. तिलाही लोक आता पिशाचाची पोर म्हणतात. तिला या जगात डोक्यावर स्वतःचे छप्पर हवे.

सही करण्यापूर्वीची नोंद : मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात; दुसरा आला नाही. केझायाने टाक मागितला. वकिलाचे कारकून मिस्टर फर्निहो घाबरून म्हणाले, “पोरी, साक्षीदाराला या कागदातून काही मिळत नाही. तू सही केलीस की घर गेलं.”

“ठाऊक आहे, साहेब.”

“मग वेड लागलंय का?”

“थ्रेडगोल्डकाकांचं घर घेतलं, तर त्यांना वाटेल फिटलं सगळं. मला घर नको. त्यांनी वर जे कबूल केलंय, ते त्यांनीच केलंय, एवढी साक्ष मी देईन.”

मी विनवण्या केल्या. ती टाक हातात धरून उभी आहे. मी सही करतो.

जॉब थ्रेडगोल्ड

आम्हा दोघांच्या समोर, एकाच वेळी हजर असताना सही केली :

१. सायलस फर्निहो, कारकून

२. केझाया, इझ्रा पिनॉकची मुलगी

क्लार्कनवेल, लंडन. ९ फेब्रुवारी १८४८