चार कोअर, एक कुलूप

सोमवार, ३ डिसेंबर २०१२. गुडगाव.
आजपासून कामात शंभर टक्के प्रामाणिकपणा. आमचा मेश राउटर म्हणजे शेजारच्या डब्यांकडून डेटाची पॅकेटं घेऊन पुढे पाठवणारा एक लहान डबा. आतल्या प्रोसेसरमध्ये चार कोअर, म्हणजे काम करणारे चौघे. पण येणारी सगळी पॅकेटं एकटा एक कोअर उचलतो, बाकीचे तिघे बसून. (ऑफिसची आठवण झाली. यात मी कोणता, हा विचार टाळला.) आता काम चौघांत वाटायचं. शुक्रवारी मानेसरच्या कारखान्यात डेमो. वाटणीचा कोड शिवांगीचा. ती नवी, प्रोबेशनवर, याच महिन्यात कन्फर्म व्हायची आहे. देखरेख माझी. तीन दिवस पुरेत.

मंगळवार, ४.
एकही पॅकेट हरवलं तर कळलं पाहिजे. म्हणून शिवांगीच्या कोडमध्ये माझी मोजणी घातली. चारही कोअर प्रत्येक पॅकेट एकाच आकड्यात मिळवणार. दोघांनी एकदम लिहू नये म्हणून त्या आकड्याला कुलूप. मनाला समाधान.

बुधवार, ५.
चौघे चालू. वेग आधीच्या निम्मा! विश्वासने (मॅनेजर, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान) विचारलं, यार उल्हास, गडबड किसकी है? मी म्हणालो, वाटणी शिवांगीने केली आहे. हे खरं आहे. वाक्य म्हणून अगदी खरं.

गुरुवार, ६. सकाळी ११.
मोजणी सहज काढून पाहिली. वेग आधीच्या तिप्पट. म्हणजे चौघेही प्रत्येक पॅकेटमागे माझ्या कुलपाशी रांग लावून उभे होते. खात्रीसाठी मोजणी परत घातली. निम्मा. काढली. विश्वासला सांगायला गेलो. तो फोनवर होता. एक मिनिट थांबलो. पुष्कळ थांबलो.

संध्याकाळी ६.
शिवांगीने विचारलं, सर, अचानक ठीक कसं झालं? म्हटलं, राउटरचा बोर्ड तापला असेल. तिने बोर्डाला हात लावून पाहिला. बिल्कुल, सर, म्हणाली.

शुक्रवार, ७.
डेमो उत्तम. विश्वासने माझी पाठ थोपटली. पाठ मागे घ्यायला हवी होती. घरी बायकोला, कुमुदिनीला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला काय सांगतोस? त्या मुलीला कन्फर्म मी करणार आहे का? ठरवलं, विश्वासला सोमवारी नक्की सांगायचं.

सोमवार, १०.
विश्वास नोएडाला. ईमेल लिहिली, चार परिच्छेद. दुसरा रडका होता, काढला. तिसऱ्यात दोष माझ्यापेक्षा मोजणीचाच जास्त वाटतो. राहू दिला. ईमेल ड्राफ्टमध्ये.

बुधवार, १२.
शिवांगी दिल्लीतली मुनिरकाची खोली सोडून ऑफिसजवळ फ्लॅट बघते आहे. कन्फर्मेशनचं लेटर दाखवल्याशिवाय घरमालक देत नाही म्हणे. आणि विश्वासच्या डोक्यात अजून माझं ते खरं वाक्य. दुपारी घास उतरला नाही. (तिसऱ्या पोळीचा.)

गुरुवार, १३.
आत जाऊन सांगितलं. वीस मिनिटं, शाळेतल्या माझ्या प्रामाणिकपणाच्या दोन प्रसंगांसकट. विश्वासने ऐकून घेतलं. मग म्हणाला, भाई, कोडच्या प्रत्येक ओळीपुढे ती टाकणाऱ्याचं नाव असतं. तू मोजणी टाकलीस, काढलीस, परत टाकलीस, परत काढलीस, सगळं तारीखवार दिसतं. शिवांगीला गेल्या गुरुवारीच दिसलं, मलाही. तिचं लेटर मंगळवारीच निघालं.

मग मला कोणी काही बोललं का नाही, असं मी विचारलं. जरा दुखावूनच.

तो म्हणाला, शिवांगीनेच थांबवलं. म्हणाली, सरांना स्वतःहून सांगू द्या, त्यांना बरं वाटेल.

बरं वाटलं नाही.