शनिवारपर्यंतच्या सह्या

३ मार्च

अपील फेटाळलं. एक वर्षाची शिक्षा कायम!

वकीलबाई म्हणाल्या, "अजून वरचं कोर्ट आहे. पण तिथला नियम असा, की आधी तुरुंगात हजर व्हा, मग तुमचं ऐकू." म्हणजे शिक्षा भोगत भोगत ती बरोबर होती का ते बघायचं. वा! हजर होण्यातून सूट मागता येते म्हणे. त्यासाठी वेगळा अर्ज. हजर व्हायची मुदत तेरा तारखेपर्यंत.

५ मार्च

वकीलबाईंना कारण हवंय. "ठोस सांगा, रडगाणं नको." माझ्याकडे एकच आहे — बाबा. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी त्यांना पाठीवर घेऊन उतरतो, पाठीवर घेऊन चढतो. हिची कंबर धरलेली, तिला जमायचं नाही.

बाबा दर खेपेला कानात म्हणतात, "जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्यास, घरी मात्र तूच लिफ्ट!" आज हसू आलं नाही.

८ मार्च

अर्जात लिहिलंय, 'अर्जदाराने कामात कसूर केलेली नाही.' वाचून कान तापले.

इथे कोण बघतंय, लिहून टाकतो. ब्रेक तपासला नव्हता. आम्ही सगळेच मेकॅनिक सोमवारी चहा पीत बसायचो आणि आठवड्याचं रजिस्टर एका बैठकीत भरून टाकायचो. ब्रेक ठीक, दोर ठीक, दार ठीक. खाली सही. लिफ्ट कोसळली बुधवारी. पोलिसांनी रजिस्टर उचललं, तर शनिवारपर्यंत सगळं ठीक! कोर्टात लोक चक्क हसले.

चौथ्या मजल्यावर कपडे शिवणारी बाई तेव्हा आत होती. अजून कुबडी घेऊन चालते. ज्या पायाने मशीन चालवायची, तोच पाय गेला. माफी मागायला दोनदा निघालो, दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परत फिरलो. लाज वाटते.

१० मार्च

बाबांना नेलं, आणलं. हलके झालेत. मला नको होतं ते.

११ मार्च

ही म्हणाली, "खरं सांगा, सूट मिळेल?"

"मिळणार!"

"त्या लिफ्टबद्दलही असंच म्हणायचात."



१२ मार्च

उद्या सकाळी अकराला निकाल. हाताला काम नाही. बाबांचे बूट पुसले. दाराची बिजागरी करकरत होती, तिला तेल घातलं. तरी दिवस सरेना. मग ही वही घेऊन बसलो.

१३ मार्च

सूट मिळाली! दोन मिनिटांत आटोपलं. वकीलबाई पहिल्यांदाच हसल्या. घरी येऊन हिला सांगितलं, ती ओट्याला टेकून रडली. दुपारी बाबांना नेलं, आणलं. सगळं ठीक.

१३ मार्च, दुपारी एक

वरचं कालच लिहून ठेवलं होतं. सवयीने हात गेला तो गेलाच!

अर्ज नामंजूर. पाचच्या आत हजर व्हायचंय. बाबा बूट घालून दारात बसलेत, त्यांना अजून सांगितलेलं नाही. जाता जाता डायलिसिसला सोडतो. खाली मी नेईन. वर कोण आणणार?